वायरवरची गाठ आणि मायकेल फॅरेडे

लॅपटॉपच्या चार्जरची वायर हातात घेऊन पाहिली, तर अनेकदा टोकाजवळ एक काळा, बोटाच्या पेराएवढा फुगवटा लागतो. प्रिंटरच्या, जुन्या मॉनिटरच्या आणि काही यूएसबी केबलच्या टोकालाही तो असतो. बऱ्याच जणांना तो वायरचा जोड वाटतो, काहींना आत फ्यूज असेल असे वाटते. प्रत्यक्षात आत जोड नसतो आणि फ्यूजही नसतो. फेराइट नावाच्या काळ्या, चिनी मातीसारख्या ठिसूळ पदार्थाची एक पोकळ नळी असते आणि वायर तिच्यातून फक्त आरपार गेलेली असते. हवेतून वायरमध्ये शिरणाऱ्या आणि वायरमधून हवेत निसटणाऱ्या नकोशा रेडिओ लहरी अडवणे, एवढेच तिचे काम.

हे काम किती महत्त्वाचे आहे, ते रुग्णालयात लवकर कळते. ईसीजी काढताना त्वचेवर मिळणारा हृदयाचा विद्युत संदेश जेमतेम एक मिलिव्होल्टचा असतो, म्हणजे रिमोटमधल्या दीड व्होल्टच्या सेलच्या दीड हजाराव्या भागाएवढा. शेजारून घरगुती विजेची वायर गेली असेल, तर कागदावरची बारीक रेघ जाड आणि केसाळ दिसू लागते. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तस्राव थांबवणारी कॉटरी सुरू झाली, की मॉनिटरवरचा आलेख वेडावाकडा होतो, कारण कॉटरी रेडिओ लहरींच्या कंप्रतेवरच चालते. अशा वेळी पडद्यावर दिसते ते हृदयाचे दुखणे की वायरचे, हे डॉक्टरांना क्षणात ओळखावे लागते. बाहेरच्या गडबडीला हृदयाची गडबड समजून उपचार सुरू झाले, तर रुग्णाला नाहक त्रास होतो.

एका वायरमधली हालचाल शेजारच्या वायरला न शिवता कशी पोहोचते, हे शोधणारा माणूस आणि विजेला दाराबाहेर ठेवणारी खोली बांधून त्यात स्वतः जाऊन बसणारा माणूस एकच होता. रोगाचे कारण आणि प्रतिबंधाचा उपाय, दोन्ही एकाच टेबलावर सापडण्याची उदाहरणे विज्ञानात फार नाहीत. त्या माणसाचे नाव मायकेल फॅरेडे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी न्यूइंग्टन बट्स येथे झाला. आज हा भाग लंडन शहरातच मोडतो. वडील जेम्स लोहारकाम करीत. कामाच्या शोधात ते उत्तर इंग्लंडमधून कुटुंब घेऊन आले होते, पण त्यांची प्रकृती सतत ढासळलेली असे आणि भट्टी रोज पेटत नसे. एक पाव आठवडाभर पुरवावा लागे, असेही दिवस त्या घराने पाहिले. मायकेलचे शालेय शिक्षण लिहिणे, वाचणे आणि साधे हिशेब यापुढे गेले नाही. गणित त्याला शेवटपर्यंत परके राहिले. पुढे मोठमोठ्या शोधांचे वर्णन करतानाही त्याने समीकरणे लिहिली नाहीत. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरला की ज्या रेषा उमटतात, तशा रेषांच्या चित्रांतून तो विचार करीत राहिला.

तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबो या पुस्तकविक्रेत्याकडे सांगकाम्या पोऱ्या म्हणून लागला. पुढच्या वर्षापासून त्याच दुकानात त्याची पुस्तकबांधणीची सात वर्षांची उमेदवारी सुरू झाली. बांधायला आलेली पुस्तके रात्री वाचायची सवय त्याला इथेच लागली. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’मधला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरचे पुस्तक यांनी त्याला वेड लावले. पदरच्या पैशांतून बाटल्या आणि लाकडाचे तुकडे आणून त्याने विजेचे छोटे यंत्र बनवले. गावात होणाऱ्या विज्ञानाच्या व्याख्यानांना एक शिलिंग फी असे. मोठा भाऊ रॉबर्ट वडिलांसारखाच लोहार होता, ते पैसे तो देई.

१८१२ साली दुकानातल्या एका ग्राहकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांची तिकिटे दिली. वक्ते होते हंफ्री डेव्ही, त्या काळातले इंग्लंडचे सर्वांत गाजलेले रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने चार व्याख्याने ऐकली, टिपणे काढली, त्यांवर आकृत्या काढल्या आणि आपल्याच हातांनी छान बांधणी करून ती वही डेव्हींना पाठवली. त्याच सुमारास प्रयोगशाळेतल्या स्फोटात डेव्हींच्या डोळ्याला इजा झाली होती आणि त्यांना लिहून घेणारा माणूस हवा होता. काही दिवस मायकेलने ते काम केले. पुढे प्रयोगशाळेतल्या एका मदतनिसाला भांडणावरून काढून टाकण्यात आले आणि १ मार्च १८१३ रोजी त्या जागेवर मायकेलची नेमणूक झाली. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला दोन खोल्या मिळाल्या. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे त्याचे आयुष्य या एका इमारतीत गेले.

सुरुवात मानाची नव्हती. डेव्ही त्याला दीड वर्षाच्या युरोप दौऱ्यावर घेऊन गेले. व्होल्टा आणि अँपिअर यांच्यासारखी माणसे त्याला पाहायला मिळाली, पण वाटेत नोकराची कामेही करावी लागली आणि डेव्हींच्या पत्नीने त्याला नोकरासारखेच वागवले. परतल्यावर १८१५ मध्ये खाणकामगारांसाठीच्या सुरक्षा दिव्याच्या कामात त्याने डेव्हींना मदत केली. त्या दिव्याच्या ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी होती. प्रकाश जाळीतून बाहेर जाई, पण ज्योत जात नसे, आणि खाणीतला वायू पेटत नसे. छिद्रे असलेले आवरणही रोखण्याचे काम करू शकते, ही गोष्ट त्याने तेव्हा डोळ्यांनी पाहिली.

१८२१ साली फॅरेडे यांनी सारा बर्नार्ड यांच्याशी विवाह केला. त्याच वर्षी विजेच्या तारेला चुंबकाभोवती सतत फिरवून दाखवून त्यांनी विजेच्या मोटरचे तत्त्व सिद्ध केले. या यशाबरोबर मनस्तापही आला. त्याच विषयावर काम करणाऱ्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाला श्रेय दिले नाही, अशी कुजबुज झाली. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, तेव्हा विरोध करणाऱ्यांत खुद्द डेव्ही होते. फॅरेडे यांनी उत्तरादाखल भांडण काढले नाही. मात्र तेव्हापासून प्रत्येक निरीक्षण तारीख घालून, तपशिलासह नोंदवण्याची त्यांची शिस्त आणखी कडक झाली.

२९ ऑगस्ट १८३१ या दिवसाची नोंद अशीच आहे. त्यांनी मऊ लोखंडाचे एक कडे बनवून घेतले होते, बाहेरचा व्यास सहा इंच. कड्याच्या एका बाजूला तांब्याच्या तारेची वेटोळी होती आणि दुसऱ्या बाजूला वेगळ्या तारेची. तेव्हा प्लॅस्टिकचे वेष्टन असलेली तार मिळत नसे. उघड्या तारेचे वेढे एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये सुतळी आणि सुती कापड घातले होते. दोन्ही तारांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. पहिली तार बॅटरीला जोडली, दुसरीचे टोक लांबवर ठेवलेल्या चुंबकसूचीवरून नेले.

बॅटरी जोडताच सूची हलली आणि पुन्हा जागेवर आली. वीज वाहत राहिली, पण सूची स्थिर होती. बॅटरी काढली, तशी ती पुन्हा हलली, या वेळी उलट दिशेने. वाहणारी वीज दुसऱ्या तारेला काही करत नव्हती, बदलणारी वीज करत होती. पुढच्या काही आठवड्यांत, नुसता चुंबक वेटोळ्यात आत-बाहेर केला तरी वीज निर्माण होते, हेही त्यांनी दाखवले. जनित्र, ट्रान्सफॉर्मर आणि घराघरातली वीज या दोन प्रयोगांतून आली.

याच प्रयोगात आजच्या एका डोकेदुखीचेही मूळ आहे. संगणकाच्या केबलमधली वीज सेकंदाला कोट्यवधी वेळा चालू-बंद होते. सतत बदलणारी वीज शेजारच्या तारेत आपली नक्कल उमटवते, मग तिथे ती हवी असो वा नसो. शिवाय लांब केबल म्हणजे आयता अँटेना. एफएम रेडिओच्या लहरींची लांबी साधारण तीन मीटर असते आणि तिच्या चौथ्या भागाएवढी, म्हणजे पाऊण मीटरची तार अशा लहरी सहज पकडते आणि सहज सोडते. टेबलामागे लोंबकळणाऱ्या किती तरी वायरी नेमक्या याच लांबीच्या असतात.

उपायही त्या कड्यातच आहे. केबलमध्ये संदेश एका तारेने जातो आणि शेजारच्या तारेने परततो. जाणाऱ्या आणि येणाऱ्या विजेचे चुंबकीय परिणाम एकमेकांना पुसून टाकतात, त्यामुळे बाहेरच्या फेराइटच्या कड्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. बाहेरून शिरलेली गडबड मात्र केबलमधल्या सगळ्या तारांतून एकाच दिशेने धावते. तिचे परिणाम पुसले जात नाहीत, त्यांची बेरीज होते. कड्यात बदलते चुंबकत्व तयार होते, ते गडबडीलाच उलटा विरोध करते आणि तिची बरीचशी शक्ती किंचित उष्णता होऊन विरून जाते. संदेश सुखरूप पुढे जातो. फेराइट हा पदार्थ १९३०च्या दशकात जपानमध्ये तयार झाला. लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये इतर धातूंची ऑक्साइडे मिसळून तो भट्टीत भाजतात. काम मात्र १८३१च्या कड्याचेच आहे.

पाच वर्षांनी, जानेवारी १८३६ मध्ये, फॅरेडे यांनी दुसरा प्रश्न हाती घेतला. धातूच्या वस्तूला दिलेला विद्युतभार नेमका असतो कुठे, आत की पृष्ठभागावर? लहान भांड्यावर प्रयोग करून त्यांचे समाधान झाले नाही. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहात त्यांनी बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि बारा फूट उंच अशी एक खोलीच उभी केली. लाकडाचा हलका सांगाडा, त्यावर उभी-आडवी तांब्याची तार, वरून कागद आणि कथिलाच्या वर्खाच्या पट्ट्या. ही खोली जमिनीपासून विद्युतदृष्ट्या वेगळी ठेवलेली होती. बाहेरून मोठ्या यंत्राने तिला वीज दिली गेली. भिंतींवरून मोठ्या ठिणग्या उडू लागल्या.

फॅरेडे त्या वेळी आत होते. सोबत पेटत्या मेणबत्त्या आणि विद्युतभाराचा माग घेणारी नाजूक उपकरणे होती. बाहेर ठिणग्यांचा वर्षाव चालू असताना आतल्या एकाही उपकरणावर काहीच परिणाम झाला नाही. भार बाहेरच्या पृष्ठभागावरच राहतो, हे त्यांनी स्वतः आत बसून सिद्ध केले. ‘फॅरेडेचा पिंजरा’ हे नाव या खोलीवरून आले.

त्यांचा प्रयोग साठलेल्या विजेचा होता. रेडिओ लहरींना हेच तत्त्व लागू होते, फक्त एक अट वाढते. जाळीची छिद्रे लहरीच्या लांबीपेक्षा खूप लहान असावी लागतात. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराला आतून ठिपक्या-ठिपक्यांची धातूची जाळी असते. ओव्हनमधल्या लहरीची लांबी सुमारे बारा सेंटिमीटर आणि छिद्र एक-दोन मिलिमीटरचे. त्यामुळे आतले अन्न दिसते, पण लहरी बाहेर येत नाहीत. एमआरआयची खोलीही अशीच असते. शरीरातून येणारे संदेश अतिशय क्षीण असल्याने ती खोली सगळीकडून तांब्याच्या पत्र्याने किंवा तशाच धातूने मढवलेली असते, खिडकीच्या काचेत बारीक जाळी असते आणि दाराच्या कडेने धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. तपासणी चालू असताना दार नीट लागलेले नसेल, तर बाहेरच्या लहरी आत येतात आणि चित्रावर रेघा उमटतात.

संगणकाची पेटी हाही एक पिंजराच आहे. अडचण तिच्या दारांची, म्हणजे पोर्टची. पिंजरा कितीही चांगला असला, तरी आत-बाहेर जाणारी एक उघडी तार सगळी मेहनत वाया घालवते, कारण गडबड त्या तारेवरून चालत आत येते. म्हणून चांगल्या केबलमधल्या तारांभोवती वर्खाचे किंवा विणलेल्या बारीक तारांचे आवरण असते, ते प्लगच्या धातूच्या कवचाला चहूबाजूंनी जोडलेले असते आणि प्लगचे कवच पोर्टच्या कवचाला घट्ट टेकते. अशा रीतीने पेटीचा पिंजरा केबलवरून पुढच्या उपकरणापर्यंत अखंड जातो. आवरण चहूबाजूंनी न जोडता त्याची एकच शेपटी वळून जोडली, तर वरच्या कंप्रतेच्या लहरींना फट मिळते. केबल वापरून जुनी झाली, प्लगजवळ आवरण तुटले किंवा पोर्ट सैल झाले की हेच घडते. संदेश जात राहतो, त्यामुळे दोष लक्षात येत नाही.

१८३९च्या अखेरीपासून फॅरेडे यांच्या स्वतःच्या प्रकृतीत बिघाड सुरू झाला. तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते. चक्कर येई, डोके दुखे आणि स्मरणशक्ती दगा देऊ लागली. काल काय केले ते आज आठवेना. डॉक्टरांनी काम बंद ठेवायला सांगितले. १८४१ मध्ये सारा त्यांना घेऊन स्वित्झर्लंडला गेल्या. तिथे डोंगरवाटांवर ते मैलोन्मैल चालत. पाय थकत नसत, मन मात्र लवकर थके. त्या काळच्या प्रयोगशाळांत पारा उघड्या भांड्यांत वापरला जाई आणि हवेत त्याची वाफ असे. फॅरेडे यांचा आजार म्हणजे पाऱ्याची दीर्घकाळची विषबाधा असावी, असा तर्क नंतरच्या काही डॉक्टरांनी केला आहे.

विसराळूपणावर त्यांनी जो उपाय केला, तो आजही कुणालाही करता येईल असा आहे. वहीतल्या प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक देण्याची पद्धत त्यांनी आधीच सुरू केली होती, आता तीच त्यांची काठी झाली. डोक्यात राहत नाही ते कागदावर आणि कागदावरचे शोधायला क्रमांक. त्यांच्या रोजनिशीतल्या परिच्छेदांची संख्या सोळा हजारांपलीकडे गेली. चार-पाच वर्षांच्या या खडतर काळानंतर, १८४५ मध्ये, चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हे त्यांनी शोधून काढले. प्रकाश, वीज आणि चुंबकत्व यांचे काही नाते आहे, याचा तो पहिला प्रत्यक्ष पुरावा होता. भरून न येणाऱ्या स्मृतीसह केलेले हे काम होते.

१८५०च्या दशकात केबलचा प्रश्न त्यांच्यापुढे थेट आला. तारायंत्राच्या तारा आता जमिनीखालून आणि समुद्राखालून जाऊ लागल्या होत्या. हवेतल्या खांबांवरून झटकन जाणारा संदेश अशा तारांतून मात्र रेंगाळत, पसरट होऊन पोहोचे. फॅरेडे यांनी मैलोन्मैल लांबीच्या तारा तपासून कारण सांगितले. आत तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चा या झाडाच्या चिकाचे वेष्टन आणि बाहेर पाणी किंवा ओली माती, असे तीन थर मिळून वीज साठवणारी एक लांबलचक बरणीच तयार होते. संदेश पुढे सरकण्याआधी ही बरणी भरावी लागते आणि मग रिकामी व्हावी लागते. समुद्रतळावरच्या केबलचे शास्त्र या आणि अशा विचारांवर उभे राहिले. १८७० मध्ये सुएझ आणि एडनमार्गे समुद्राखालची तार मुंबईला येऊन मिळाली, तेव्हा फॅरेडे हयात नव्हते.

आजच्या संगणकाच्या केबलमध्येही तार, वेष्टन आणि आवरण मिळून तशीच बरणी असते. केबल लांबली की संदेशाच्या कडा बोथट होतात आणि बोथट संदेशात बाहेरची गडबड लवकर मिसळते. म्हणून गरजेपेक्षा लांब केबल घेणे हा दुहेरी तोटा आहे. ती अँटेना म्हणून मोठी आणि संदेश नेण्यात कमजोर.

फॅरेडे यांचे लक्ष प्रयोगशाळेबाहेरही असे. जुलै १८५५ मध्ये बोटीतून जाताना थेम्स नदीची अवस्था पाहून ते अस्वस्थ झाले. त्यांनी पांढऱ्या पुठ्ठ्याचे तुकडे ओले करून धक्क्याधक्क्यावर पाण्यात सोडले. तुकडा इंचभरही बुडायच्या आत दिसेनासा होई, भर उन्हातसुद्धा. ही तपासणी त्यांनी ‘द टाइम्स’ वृत्तपत्राला पत्राने कळवली आणि वेळीच इलाज केला नाही तर परिणाम भोगावे लागतील, असे बजावले. तीनच वर्षांनी, १८५८च्या उन्हाळ्यात, थेम्सच्या दुर्गंधीने लंडनचे जगणे अशक्य केले आणि मग सांडपाण्याची मोठी योजना हाती घेण्यात आली.

मानसन्मान त्यांनी टाळले. ‘सर’ हा किताब नाकारला, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने हॅम्प्टन कोर्ट येथे दिलेले घर त्यांनी स्वीकारले आणि उतारवय तिथे घालवले. त्याआधी वर्षभर जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुण प्राध्यापकाने त्यांना आपला निबंध पाठवला होता. फॅरेडे यांच्या मनातल्या रेषा त्याने गणितात उतरवल्या होत्या. पुढे याच गणितातून, विजेची आणि चुंबकत्वाची लाट पोकळीतून प्रकाशाच्या वेगाने जाऊ शकते, असे निघाले. तोवर फॅरेडे यांची स्मृती फारच विरळ झाली होती. १८६२ मध्ये त्यांनी शुक्रवारचे शेवटचे व्याख्यान दिले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी, अभ्यासिकेतल्या खुर्चीत बसलेले असताना त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टरच्या थोरामोठ्यांच्या दफनभूमीऐवजी हायगेटच्या साध्या दफनभूमीत त्यांना ठेवण्यात आले. त्यानंतर एकवीस वर्षांनी हाइनरिश हर्ट्झ यांनी रेडिओ लहरी प्रत्यक्ष दाखवल्या. ज्या लहरींना त्यांचे कडे आणि त्यांचा पिंजरा आज अडवतात, त्या फॅरेडे यांनी कधी पाहिल्याच नाहीत.

आज त्यांचे दोन्ही उपाय घराघरात हाताशी आहेत. वायरलेस माउस अडखळत असेल किंवा वायफाय मंदावत असेल, तर शेजारच्या पोर्टमध्ये वेगवान यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावली आहे का, ते पाहावे. अशा जोडणीतून निघणारी गडबड २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरते आणि माउसचा डोंगल व बरेचसे वायफाय तिथेच चालतात. डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावावा किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरने दूर न्यावा. हार्डडिस्कसाठी आवरण असलेली, आखूड केबल घ्यावी. संगणकाची केबल आणि विजेची वायर एकाच जुडग्यात बांधू नयेत. त्यांना एकमेकींना छेदून जावे लागत असेल, तर काटकोनात जाऊ द्यावे. स्पीकरमध्ये किंवा मायक्रोफोनमध्ये घरघर येत असेल, तर वरून बसवायची फेराइटची क्लिप बाजारात मिळते. ती उपकरणाच्या अगदी जवळ लावावी, आणि जागा असेल तर वायर तिच्यातून दोनदा ओवावी. तिची ताकद बहुतेक वेळा दुपटीहून जास्त वाढते.

घरी रक्तदाब, ऑक्सिजन किंवा हृदयाचे ठोके मोजणारे यंत्र असेल, तर मोजताना मोबाइल त्याच्यावर किंवा त्याला चिकटून ठेवू नये. हातभर अंतरही पुष्कळ फरक करते, कारण अंतर वाढले की लहरींचा जोर झपाट्याने घटतो. विचित्र आकडा आला तर घाबरून औषध बदलू नये. वायर, प्लग आणि आसपासची उपकरणे पाहून पुन्हा मोजावे आणि आकडा तसाच राहिला किंवा त्रास जाणवत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. मॉनिटरला जोडलेल्या रुग्णाजवळ बसलेल्या नातेवाइकांनीही चार्जर त्या यंत्राच्या वायरींत गुंतवू नये. खरचटलेली केबल टेपने गुंडाळून वर्षानुवर्षे चालवू नये, कारण टेप वेष्टनाची जागा घेते, आतल्या धातूच्या आवरणाची नाही. आणि वायरच्या टोकाची ती काळी गाठ ओझे वाटते म्हणून कुणी कापून टाकू नये.